कुशिंगचं १९१७ चं पुस्तक आणि अण्णांचा डावा कान

सातारी_लेक विचारते:

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ६३. साखर कारखान्यात टर्बाइनवर ३४ वर्षं काढली, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. डाव्या कानानं कमी ऐकू येतं ही गोष्ट घरात इतकी जुनी आहे की ती कधी सुरू झाली हे कुणालाच आठवत नाही. टर्बाइनच्या आवाजानं कान गेला असंच सगळे धरून चाललो. दोन डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि यंत्र लावायला सुचवलं. अण्णांनी यंत्र आणलं, आठ दिवस लावलं आणि कपाटात ठेवलं. "आवाज येतो पण शब्द कळत नाही," असं म्हणायचे. आम्हाला वाटायचं हट्ट करतायत.

यंदा दिवाळीनंतर चालताना डावीकडे झोक जायला लागला. दिवसा काही नाही, पण रात्री परसात जाताना भिंत धरून जायचे. मग कराडच्या एका तरुण कान-नाक-घसा डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. डाव्या बाजूला, ऐकण्याच्या नसेवर १८ मिलिमीटरची गाठ. रिपोर्टवर लिहिलंय व्हेस्टिब्युलर श्वानोमा, खाली कंसात ॲकॉस्टिक न्यूरोमा. न्यूरोसर्जन म्हणाले, कॅन्सर नाही, लगेच काही करायला नको, सहा महिन्यांनी परत एमआरआय करून गाठ वाढतेय का बघू.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे काही कळलं नाही की पुस्तक शोधायची सवय. रात्री शोधत बसले आणि हार्वी कुशिंग या अमेरिकन सर्जनचं १९१७ चं अख्खं पुस्तक स्कॅन केलेलं सापडलं, 'ट्यूमर्स ऑफ द नर्व्हस अकूस्टिकस'. अण्णांच्याच गाठीवर एवढं जाड पुस्तक! चार रात्री वाचलं आणि आता झोप उडालीय. एकेका रुग्णाची हकीकत आहे. आधी कान जातो, मग झोक, मग चेहरा बधिर, मग डोळे. कितीतरी जण आंधळे होऊन आलेले. ऑपरेशननंतर दगावलेले.

भाऊ म्हणतो शंभर वर्षांपूर्वीचं वाचून डोकं फिरवून घेऊ नकोस. पण पुस्तकातला पहिला टप्पा अण्णांशी तंतोतंत जुळतो, तो मी कसा विसरू? इतक्या जुन्या कामाला आज काही अर्थ असतो का? आणि हे सहा महिने नुसतं बसून राहायचं की आमच्या हातात काही करण्यासारखं आहे? घरात आईला अजून "गाठ" हा शब्द सांगितलेला नाही.

---

पेठकर:

ताई, भावाचं ऐका. पुस्तक बंद करा. १९१७ मध्ये एमआरआय सोडा, सीटी स्कॅनही नव्हता, तो १९७१ मध्ये आला. पेनिसिलिन नव्हतं. त्या पुस्तकातला माणूस डॉक्टरांपर्यंत पोचायचा तेव्हा गाठ अंड्याएवढी झालेली असायची. अण्णांची सापडली तेव्हा १८ मिलिमीटर होती. तुलनाच होत नाही. माझ्या मेव्हण्याची अशीच गाठ गेली सहा वर्षं तशीच आहे, दरवर्षी एमआरआय करतात आणि घरी येतात.

---

पॅराफिन:

पेठकरांचा हेतू चांगला आहे, पण पुस्तक बंद करा हे मला पटत नाही. सातारी_लेक, पुस्तक वाचा, फक्त कुठली पानं कशासाठी वाचायची ते सांगतो.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या शब्दाला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी डॉक्टर नाही. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये ३३ वर्षं तंत्रज्ञ होतो. ऑपरेशनमधून आलेला तुकडा फॉर्मेलीनमधून काढायचा, पॅराफिनमध्ये बसवायचा, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचा काप घ्यायचा, रंगवायचा आणि पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर ठेवायचा. निदान त्यांचं, काप माझा. न्यूरोसर्जरीचं काम आमच्याकडे भरपूर यायचं, त्यामुळे अण्णांसारख्या गाठी मी शेकड्यांनी कापल्यात.

ती गाठ भिंगाखाली कशी दिसते ते सांगतो, कारण भीती बरीचशी न दिसणाऱ्या गोष्टीची असते. नसेच्या धाग्याभोवती श्वान पेशींचं (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव) वेष्टण असतं. गाठ त्या पेशींची. बहुतेक वेळा ती ऐकण्याच्या धाग्यावर नसतेच, शेजारच्या तोल सांभाळणाऱ्या धाग्यावर असते, म्हणून आता नाव व्हेस्टिब्युलर. काचेवर लांबट केंद्रकांच्या दोन रांगा समोरासमोर लागलेल्या दिसतात आणि मध्ये गुलाबी मोकळा पट्टा. पंगतीत दोन रांगा समोरासमोर बसाव्यात आणि मध्ये वाढप्यांना वाट सोडावी, तसं. जोसे व्हेरोके यांनी १९१० मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याला व्हेरोके बॉडी म्हणतात. ही गाठ शेजाऱ्याला ढकलते, पण त्याच्या घरात घुसत नाही. नवीन मुलं लॅबमध्ये आली की पहिल्या आठवड्यात मी त्यांना हीच स्लाइड दाखवायचो.

आता कुशिंग. तुम्हाला ज्या आकड्यांनी घाबरवलं त्यांच्या आधीचे आकडे बघा. १९१३ साली लंडनला वैद्यकाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे युरोपातल्या नामवंत सर्जननी या गाठीच्या ऑपरेशनमध्ये आपापले किती रुग्ण दगावले ते मांडलं. बर्लिनचे क्राउझे, सुमारे ८४ टक्के. व्हिएन्नाचे आयझेल्सबर्ग, ७७. लंडनचे हॉर्स्ली, ६७. हे त्या काळातले सगळ्यांत चांगले हात होते. कवटीत बोट घालून गाठ उपसून काढायची ही तेव्हाची पद्धत. गाठीच्या मागे मेंदूचं देठ असतं, श्वास तिथून चालतो. रक्तस्राव झाला की संपलं.

कुशिंगनी बोट घालणं बंद केलं. मागून दोन्ही बाजूंनी हाड उघडायचं, दाब कमी करायचा, गाठीचं वेष्टण चिरायचं आणि आतला गर हळूहळू काढायचा. वेष्टण जागेवर ठेवायचं, म्हणजे देठाला धक्का नाही. त्या १९१७ च्या पुस्तकात तीसेक रुग्ण आहेत आणि मृत्यू २० टक्क्यांच्या आसपास. तुम्हाला २० चा आकडा भयंकर वाटला, पण चार वर्षांपूर्वीच्या ८४ शेजारी तो ठेवून बघा. १९३१ पर्यंत त्यांच्याकडे १७६ रुग्णांचा अनुभव जमला होता आणि प्रमाण ४ टक्क्यांवर आलं होतं. रक्त थांबवायला १९११ मध्ये त्यांनी चांदीच्या बारीक क्लिपा आणल्या, १९२६ मध्ये बोव्ही या भौतिकशास्त्रज्ञाचं विजेचं यंत्र ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. म्हणून म्हणतो, त्या पुस्तकातले मृत्यूचे आकडे इतिहास म्हणून वाचा, अण्णांचं भविष्य म्हणून नको.

पण लक्षणांची पानं आजही खरी आहेत. कान पहिला, बाकी सगळं नंतर, हा क्रम त्यांनी कशावरून ठरवला? एमआरआय नव्हता, गाठ दिसत नव्हती. त्यांच्याकडे फक्त रुग्णाची हकीकत होती. आधी काय झालं, मग काय झालं, कुठल्या साली झालं, हे खोदून खोदून विचारायचं. पुष्कळ रुग्ण डोकेदुखी आणि अंधत्व घेऊन यायचे, कानाचं कुणी बोलायचंच नाही, कारण तो दहा वर्षांपूर्वी गेलेला. कुशिंगनी तो कान हकीकतीतून शोधून काढला. तुमच्या घरी हेच झालंय ना? कधी सुरू झालं ते कुणालाच आठवत नाही, असं तुम्हीच लिहिलंय.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: सहा महिन्यांत अण्णांचा सगळा कागद जमवा आणि त्यांची हकीकत सालासकट लिहून काढा.

हे मी एवढ्या जोरानं का सांगतोय, त्याला एक कारण आहे. २००३ च्या पावसाळ्यात खेडकडच्या एक बाई आमच्या लॅबच्या खिडकीशी आल्या. नवऱ्याच्या मेंदूच्या आवरणाची गाठ आठ वर्षांपूर्वी काढलेली, ती परत आली होती. दुसऱ्या गावच्या सर्जननी जुना ब्लॉक, म्हणजे पॅराफिनमध्ये बसवलेला गाठीचा तुकडा, मागवला होता, दोन्ही गाठी शेजारी ठेवून बघायला. त्यांच्याकडे आमचा रिपोर्ट होता, प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून. मी रजिस्टर काढलं. नोंद सापडली, माझ्याच अक्षरात. ब्लॉक नव्हता. मधल्या काळात विभाग एका मजल्यावरून दुसऱ्यावर हलला आणि जुने ब्लॉक "जागा नाही" म्हणून गोण्यांत भरून टाकून दिले गेले. मी त्या दिवशी रजेवर होतो, पण त्याआधी महिनाभर मला माहीत होतं आणि मी लेखी विरोध केला नव्हता. बाई काही बोलल्या नाहीत. पिशवीला पुन्हा रबर लावलं आणि गेल्या. तेव्हापासून मला कुशिंगचं सगळ्यांत मोठं काम वेगळंच वाटतं. त्यांनी काहीही फेकलं नाही.

प्रत्येक गाठ, प्रत्येक स्लाइड, ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा फोटो, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पुढे त्या माणसाचं काय झालं. रुग्णांना दरवर्षी पत्र लिहायला सांगत. माणूस गेला तर शवविच्छेदनाला परवानगी मिळावी म्हणून धडपडत. हे नसतं तर १९२६ चं पुस्तक झालंच नसतं. ते त्यांनी पर्सिव्हल बेली यांच्याबरोबर लिहिलं, ग्लायोमा गटाच्या, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींपासून होणाऱ्या गाठींच्या वर्गीकरणाचं. चारशेहून अधिक ग्लायोमा बेलींनी भिंगाखाली घातले. काहाल आणि देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञांच्या सोन्याच्या आणि चांदीच्या क्षारांच्या रंगपद्धती वापरल्या. त्या पद्धती किती खट्याळ असतात ते माझ्यासारख्यालाच माहीत, पाणी जरा बदललं की काच काळी. पेशी ज्या प्रकारच्या अपक्व पेशीसारखी दिसते त्यावरून गट पाडले, आणि मग प्रत्येक गटातला माणूस ऑपरेशननंतर किती जगला ते मांडलं. काचेवरचं चित्र आणि माणसाचं आयुष्य त्यांनी एका तक्त्यात आणलं.

सगळं बरोबर निघालं असं नाही. बेली आणि कुशिंगनी १९२५ मध्ये लहान मुलांच्या लहान मेंदूतल्या एका गाठीला मेड्युलोब्लास्टोमा नाव दिलं, मेड्युलोब्लास्ट नावाच्या मूळ पेशीवरून. ती पेशी कधी कुणाला सापडलीच नाही. नाव मात्र आजही रिपोर्टवर छापलं जातं, मी स्वतः कितीदा रजिस्टरला चढवलंय.

आणि एक नाव तुम्ही लक्षात ठेवाच. लुईस आयझेनहार्ट. १९१५ साली ही मुलगी कुशिंगकडे संपादकीय मदतनीस म्हणून लागली, तुम्ही चार रात्री वाचलंत त्याच पुस्तकाच्या कामाला. श्रवण-नसेच्या गाठींच्या हकीकती जुळवता जुळवता तिला वाटलं आपणच डॉक्टर व्हावं. टफ्ट्स विद्यापीठातून १९२५ मध्ये डॉक्टरकीची पदवी घेतली आणि परत आली ती न्यूरोपॅथॉलॉजिस्ट होऊन. ऑपरेशन चालू असताना गाठीचा कण काचेवर ठेवायचा, न्यूट्रल रेड या रंगाचा थेंब, वर दुसरी काच दाबायची आणि काही मिनिटांत सर्जनला सांगायचं काय आहे. १९३० मध्ये तिनं आणि कुशिंगनी या पद्धतीवर निबंध छापला. आमच्याकडे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून क्रायोस्टॅटवर घाईचा काप काढताना सर्जनचा तिसरा फोन आला की मला ही बाई आठवायची. तिच्याजवळ एक छोटी काळी वही असायची, तीत कुशिंगच्या हातून दगावलेल्यांची नोंद. आपल्या हातून गेलेल्यांचा हिशोब दुसऱ्याच्या हाती सोपवणं आणि तोच हिशोब छापणं, हे किती जणांना जमेल? १९३८ मध्ये मेनिंजिओमावरचं, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या गाठींवरचं, ३१३ रुग्णांचं पुस्तक आलं त्यावर दोघांची नावं आहेत. १९४४ मध्ये 'जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी' निघालं, त्याची पहिली संपादक हीच.

फार लिहिलं. लाइट गेली म्हणून थांबतो. आईला सांगा. आईपासून लपवलं की हकीकत अर्धी राहते. अण्णा कुठल्या वर्षी काय म्हणाले हे आईशिवाय कुणाला ठाऊक असणार?

---

श्रुती_ऑडिओ:

पॅराफिनकाका, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवण तपासणारी, आहे, सांगलीत. ताईंसाठी थोडं आजचं सांगते.

"आवाज येतो पण शब्द कळत नाही" हे अण्णांचं वाक्य फार मोलाचं होतं. या गाठीत शुद्ध स्वर ऐकू येतात त्या मानानं शब्द ओळखण्याची ताकद जास्त घटते, म्हणून साध्या यंत्राचा उपयोग झाला नाही. तो हट्ट नव्हता. आणि टर्बाइनसारख्या आवाजानं कान जातात तेव्हा साधारण दोन्ही कान सारखे जातात, ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर) ४००० हर्ट्झजवळ खाच पडते. एकच कान जास्त गेला असेल तर एमआरआयचा विचार व्हायलाच हवा, हे आम्हाला शिकवलेलं असतं. ते तुमच्याकडे उशिरा झालं, पण झालं.

बऱ्याच गाठी वर्षानुवर्षं वाढत नाहीत, वाढतात त्याही सहसा वर्षाला एक-दोन मिलिमीटरनं. म्हणून सर्जन थांबा म्हणाले. वाढली तर दोन वाटा असतात, सूक्ष्मदर्शकाखालचं ऑपरेशन नाहीतर गॅमा नाइफसारखी नेमकी किरणं. किरणांची वाट स्टॉकहोमचे न्यूरोसर्जन लेक्सेल यांनी याच गाठीवर १९६९ मध्ये पहिल्यांदा वापरली. आता प्रश्न जीव वाचेल का हा क्वचितच असतो. चेहऱ्याची नस गाठीला चिकटून जाते, ती शाबूत कशी ठेवायची आणि ऐकणं किती उरेल, यावर सगळी चर्चा होते. सर्जनना हे दोन प्रश्न नक्की विचारा.

अंधारात झोक जाण्याचं कारण म्हणजे दिवसा डोळे तोलाला मदत करतात. परसाच्या वाटेवर दिवा लावा, आजच. तोलाचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट शिकवतील, रोज केले तर मेंदू दुसऱ्या कानावर भार घ्यायला शिकतो. आणि उजवा कान जपा. अण्णांच्या उजवीकडे बसून बोला. डाव्या बाजूचा आवाज उजवीकडे नेणारी क्रॉस पद्धतीची यंत्रं मिळतात, घेण्याआधी आठवडाभर वापरून बघू द्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच: एका बाजूची, या वयातली गाठ सहसा मुलांकडे जात नाही. दोन्ही बाजूंना, तरुणपणी होते तो न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजाराचा दुसरा प्रकार, त्याचा जीन २२ व्या गुणसूत्रावर आहे, १९९३ मध्ये सापडला. अण्णांच्या रिपोर्टवर उजवी बाजू स्वच्छ आहे ना, तेवढं बघून घ्या.

---

मीनल_न्यूहेवन:

मी मूळची नाशिकची, गेली अकरा वर्षं अमेरिकेत न्यू हेवनला, येल विद्यापीठाच्या गावात. पॅराफिनकाकांनी "काहीही फेकलं नाही" लिहिलं आणि मला राहवेना, कारण ते न फेकलेलं सगळं माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे.

बोस्टनहून निवृत्त झाल्यावर कुशिंग येलला आले, तेव्हा हा संग्रह त्यांच्यामागून आला. १९३९ मध्ये ते गेले. आयझेनहार्टबाईंनी तो पुढे सांभाळला, मग पडून राहिला. कितीतरी वर्षं बरण्या आणि काचेच्या निगेटिव्ह मेडिकलच्या वसतिगृहाच्या तळघरात होत्या. विद्यार्थी रात्री चोरून बघायला जायचे. २०१० मध्ये मेडिकल लायब्ररीच्या तळमजल्याखाली त्यासाठी वेगळी जागा केली.

सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना घेऊन गेले. त्या नाशिकला नर्स होत्या, त्यांनीच आग्रह धरला. भिंतीभर फडताळं, त्यात चारशेहून अधिक बरण्या, पिवळसर द्रवात मेंदू. शेजारी रुग्णांचे फोटो. शेतकरी वाटावा असा एक म्हातारा, फ्रॉकमधली एक लहान मुलगी, टकलावर टाके दिसणारी एक बाई सरळ कॅमेऱ्यात बघतेय. मला बरण्यांची भीती वाटेल असं वाटलं होतं, मी थांबले ती फोटोंपाशी. सासूबाई प्रत्येक फोटोपुढे उभ्या राहिल्या, घाई केली नाही. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ह्यांच्या घरच्यांनी सही दिली असेल तेव्हा काय वाटलं असेल गं." मला उत्तर सुचलं नाही.

---

पेठकर:

मीनलताईंच्या सासूबाईंचाच प्रश्न माझाही. पॅराफिनकाका, तुम्ही कुशिंगना फार उंचावर बसवताय. माणूस म्हणून ते कठोर होते, सहकाऱ्यांना छळायचे, असं वाचलंय. आणि गाठ अर्धीच काढायची म्हणजे ती परत येणार ना?

---

पॅराफिन:

पेठकर, दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि मी ते आधीच लिहायला हवे होते.

गाठ परत यायचीच. वेष्टण ठेवलं की काही वर्षांत ती पुन्हा भरायची आणि पुष्कळ जण त्यातच जायचे. ती पूर्ण काढता येते हे त्यांच्याच हाताखालून गेलेल्या वॉल्टर डँडींनी करून दाखवलं. १९२२ मध्ये त्यांनी त्याचा छोटा निबंध छापला, कुशिंगचं ऋण न मानता. कुशिंग संतापले, कडवट पत्र लिहिलं आणि दोघांचं आयुष्यभर जमलं नाही. या गाठीपुरतं म्हणाल तर डँडी बरोबर होते. पण डँडींना गाठ पूर्ण काढायचं धाडस करता आलं ते रुग्ण टेबलावर मरत नाही हे कुशिंगनी आधी सिद्ध केलं म्हणून. आणि अर्धी काढलेली गाठ परत येते हे आपल्याला कळतं कशावरून? त्या रुग्णांची पुढची पत्रं आणि पुढचे मृत्यू कुशिंगच्याच दप्तरात आहेत म्हणून. आपल्या विरुद्ध जाणारा पुरावाही त्यांनी जपला. मला त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो एवढ्यापुरता आहे आणि तो पक्का आहे.

स्वभाव कठोर होता हे सगळेच लिहितात. त्यांची बाजू मी घेणार नाही. चुकीच्या लेबलावरून मी बोलणी खाल्लीत आणि पोरांना दिलीतही, लॅबमध्ये त्याशिवाय चालत नाही असं तेव्हा वाटायचं. आता वाटत नाही.

सहीचं म्हणाल तर मलाही तो प्रश्न सोडत नाही. १९१७ ची संमती आणि आजची संमती यांत फार अंतर आहे. मीनलताई, तुमच्या सासूबाई प्रत्येक फोटोपुढे थांबल्या, त्यांना माझा नमस्कार सांगा.

एक गोष्ट राहिली. कुशिंग गेल्यावर त्यांचंही शवविच्छेदन झालं. मृत्यू हृदयविकारानं, पण मेंदूच्या तिसऱ्या पोकळीत सुमारे सेंटिमीटरभर कोलॉइड सिस्ट, म्हणजे दाट द्रवानं भरलेली गाठ, सापडली. दोन हजारांवर गाठी काढलेल्या माणसाच्या डोक्यात एक होती आणि तिनं कधी त्रास दिला नव्हता. सातारी_लेक, अण्णांची १८ मिलिमीटर हा आकडा मनात मोठा व्हायला लागला की ही गोष्ट आठवा.

अण्णांना एक विचारून बघा: फोन कुठल्या कानाला लावता, आणि कधीपासून?

---

सातारी_लेक:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले कारण घरात बरंच झालं.

आईला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मला वाटलंच होतं डोक्यातलं काहीतरी आहे, तुम्ही सगळी कुजबुजत होता." परसाच्या वाटेवर दिवा लावलाय. उजवी बाजू स्वच्छ आहे, रिपोर्ट पुन्हा वाचून घेतला.

फोनचं विचारलं. अण्णा म्हणाले उजव्या, नेहमीच उजव्या. आई मध्येच म्हणाली, "खोटं. कारखान्यात फोन ऑपरेटरच्या खोलीतून फोन यायचे तेव्हा तुम्ही डाव्या कानाला धरून उजव्या हातानं लिहून घ्यायचात. धाकटीच्या बारशाचा निरोप तसाच घेतलात, मी समोर होते." धाकटी १९९९ ची. मग दोघं मिळून मागे मागे जात राहिले. २०११ मध्ये भावाच्या लग्नात बँडच्या आवाजानं डावीकडे शिट्टी वाजायला लागली, ती थांबलीच नाही, हे अण्णांनी पहिल्यांदाच सांगितलं. मला तर त्या शिट्टीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं.

आणि आईच्या लोखंडी ट्रंकेत, रेशनकार्डाच्या खाली, कारखान्याच्या दरवर्षीच्या तपासणीचे कागद निघाले. त्यात तीन ऑडिओग्राम. २००९ चा दोन्ही कानांचा जवळजवळ सारखा. २०१३ मध्ये डावी रेघ खाली उतरलेली. २०१७ मध्ये आणखी खाली, उजवी आहे तिथेच. तिन्हींवर खाली एकच शिक्का आहे, "कामास योग्य".

श्रुतीताई, तुम्हाला फोटो पाठवलेत. न्यूरोसर्जनना परवा दाखवले, त्यांनी तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडून बराच वेळ बघितले आणि झेरॉक्स काढून फाइलला लावले.

अण्णांनी आता शंभरपानी वही घेतलीय. पहिल्या पानावर "२०११, मे, लग्न, शिट्टी सुरू" असं लिहिलंय. टर्बाइनचं लॉगबुक भरायचे तशाच अक्षरात, प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि सही.